काजू कारखान्यातली हातापाठीची दुखणी: नोंद कशी ठेवावी आणि तिचं पुढे काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ले तालुक्यात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. कटिंग, सोलणी आणि ग्रेडिंग मिळून चाळीस बायका आणि गोण्या हलवायला चार हमाल. मान, खांदा, मनगट, कंबर दुखण्याच्या तक्रारी वाढल्या आहेत. वर्षातून एकदा डॉक्टर येतात आणि सगळ्यांच्या कार्डावर 'फिट' लिहून जातात. कामामुळे होणाऱ्या या दुखण्यांवर वर्षभर लक्ष ठेवायचं तर काय करावं?

वार्षिक तपासणीकडून ही अपेक्षाच ठेवू नका. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे यांत स्नायूंची, कंडरांची आणि दबलेल्या नसांची दुखणी दिसत नाहीत. ही दुखणी पायरीपायरीने वाढतात. आधी काम सुटायच्या वेळेला दुखतं आणि रात्रीच्या झोपेनं जातं. मग सकाळी उठतानाही तिथेच असतं. पुढे रात्री झोपमोड करतं, हातातून वस्तू निसटायला लागते. लक्ष ठेवायचं ते पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधे. तिसऱ्या पायरीवर पोचलेली बाई बहुधा काम सोडून घरी बसलेली असते आणि तपासणीच्या रांगेत उरतात त्या तगलेल्या. म्हणून सगळी कार्डं 'फिट' निघतात.

बाहेरून कोणी विचारेल म्हणून थांबायचंही कारण नाही. कारखाने अधिनियम १९४८ ला आणि २०२५ मधे त्याच्या जागी लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा संहितेला जोडलेल्या, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), आवाजामुळे येणारा बहिरेपणा आहे. कंबर, खांदा, मनगट नाही. तुमची वही हीच नोंद.

या वहीचा एक नियम सगळ्यात आधी ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं: दुखणं माणसाच्या नावावर मांडायचं नाही, कामाच्या जागेच्या नावावर मांडायचं. 'अमुकबाईंचा खांदा दुखतो' अशी नोंद झाली की पुढचा विचार त्या बाईला कमी करण्याचा होतो, आणि हे दोन महिन्यांत सगळ्यांना कळतं. त्यानंतर कोणी खरं सांगत नाही. 'कटिंगच्या दुसऱ्या रांगेत आठपैकी पाच जणींचा उजवा खांदा' अशी नोंद झाली की विचार टेबलाच्या उंचीचा होतो.

म्हणून पहिलं काम कामाच्या जागांचा नकाशा. कुठे काय दुखू शकतं हे कामावरूनच बरंचसं कळतं. कटिंगच्या हात-पाय मशीनवर एका हाताने बी पात्यांमधे धरायची, पायाने पेडल दाबायचं, दुसऱ्या हाताने दांडा ओढून टरफल उकलायचं. टेबल कोपरापेक्षा उंच असेल तर दांड्याच्या बाजूचा खांदा दिवसभर वर उचललेला राहतो. पेडल एकाच पायाने दाबतात, त्यामुळे त्या बाजूचा खुबा आणि गुडघा, आणि तिरकं बसल्यामुळे कंबर. इथे यंत्रापेक्षा माल जास्त त्रास देतो. वाफ कमी बसलेली बी कडक राहते, दांड्याला जोर जास्त लागतो. लहानमोठ्या आकाराची बी मिसळून आली की पात्यांमधलं अंतर एकीला बरोबर, दुसरीला चुकीचं. पाती बोथट झाली की तोच प्रकार. टरफलाच्या तेलापासून जपायला जाड हातमोजे घातले की बोटांना बी नीट जाणवत नाही आणि पकड नकळत घट्ट होते. म्हणून दुखण्याच्या नोंदीशेजारी त्या आठवड्याचा लॉट, वाफेची वेळ आणि पात्यांना धार लावल्याची तारीख लिहाच. मनगटाच्या तक्रारी अचानक वाढल्या तर कारण बहुतेक वेळा याच तीन रकान्यांत सापडतं.

सोलणीत जोर कमी, पण चिमूट सतत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात गर धरून साल खरवडायची, मान खाली, बसणं जमिनीवर. बोर्म्यात, म्हणजे वाळवायच्या भट्टीत, गर नीट वाळला नसेल तर साल चिकटून राहते आणि प्रत्येक गरामागे अंगठ्याच्या खेपा वाढतात. ग्रेडिंगमधे हात हलका, मान आणि डोळे जड: उजेड कमी पडला की बाई ताटावर वाकते, आणि तासन्‌तास वाकलेलीच राहते. हमालांचं वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

आता विचारायचं काय. १९८७ मधे प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली जगभर वापरतात आणि ती पुरेशी आहे. तिच्यात शरीराचे नऊ भाग आहेत: मान, खांदे, पाठीचा वरचा भाग, कोपर, मनगट-हात, कंबर, खुबा-मांडी, गुडघे, घोटा-पाऊल. प्रत्येक भागाला तीन प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत त्रास झाला का, त्यामुळे नेहमीचं काम अडलं का, गेल्या सात दिवसांत झाला का. काजूसाठी दोन बदल सुचवतो. खांदा, कोपर, मनगट डावं-उजवं वेगळं करा, आणि अंगठ्याला स्वतंत्र दहावा भाग द्या; मूळ प्रश्नावलीत तो मनगटात बुडून जातो आणि सोलणीचं सगळं दुखणं तिथेच असतं. दोन प्रश्न वाढवा: सकाळी उठल्यावर दुखतं का, आणि रात्री हात बधिर होऊन जाग येते का. पायऱ्या ओळखायला हेच दोन उपयोगी. तीव्रता शून्य ते दहामधे विचारा.

लिहायला सांगू नका. कागदावर माणसाची पुढून-मागून आकृती काढा आणि दुखतं तिथे टिकली चिकटवायला सांगा: लाल म्हणजे आत्ता दुखतंय, पिवळी म्हणजे दुखून गेलं. विचारायचं ते रोजच्या बोलण्यात: "गेल्या आठ दिसात खंय दुखला काय?", "सकाळी उठल्यावरय दुखता?", "रातचे हात बधीर जातत?" पुस्तकी मराठीत 'अस्थिस्नायू विकार आहेत का' असं विचारलं तर उत्तर 'नाय' हेच येणार. एकीला पाच-सात मिनिटं लागतात.

विचारणारी व्यक्ती मुकादम नको, वजन करून मजुरी लिहिणारी तर मुळीच नको. बाहेरची नर्स किंवा बायकांनी स्वतः निवडलेली एखादी जाणती बाई चालेल, पण तिला अर्धा दिवस शिकवावं लागेल, आणि ते काम मजुरीच्या वेळेत धरावं लागेल. कागदावर नाव नाही, फक्त आकडा; आकडा कोणाचा हे डॉक्टरांकडच्या बंद यादीत. मालकाकडे जायचा तो फक्त जागेनुसार बेरजेचा तक्ता, आणि ज्या जागेवर पाचापेक्षा कमी माणसं आहेत ती शेजारच्या जागेत मिळवून, नाहीतर आकड्यावरून नाव कळतं.

कधी विचारायचं याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होतं. आठवडी सुटीच्या दुसऱ्या दिवशी विचारलंत तर दुखणं कमी दिसेल, सुटीच्या आदल्या दिवशी जास्त. दोन्ही खरं आहे, पण तुलना करायची तर वार आणि वेळ कायम ठेवा. सुटीच्या आदल्या दिवशी, काम सुटण्याआधीचा तास हा उत्तम. आणि कोकणात बाईचं काम कारखान्याच्या फाटकावर संपत नाही. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणी, एप्रिल-मेमधे कलमांच्या बागेत आंबा भरणं. लावणीच्या पंधरवड्यात कंबर दुखणारच, आणि तो आकडा कारखान्याच्या माथी मारणं चूक, तसंच 'शेतीमुळे दुखतं' म्हणून कारखान्याचा आकडा झटकून टाकणंही चूक. उपाय सोपा: पहिली, पायाभूत नोंद या तिन्ही हंगामांच्या बाहेर घ्या, जानेवारीत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला; बारा महिन्यांचा प्रश्न फक्त तेव्हाच. पुढे दर महिन्याला फक्त सात दिवसांचा प्रश्न, आणि शेजारी एक खूण: या आठवड्यात शेतावर गेली होती का. हजेरीवरून अंदाज बांधू नका. गणपतीत आणि शिमग्यात हजेरी पडते ती दुखण्यामुळे नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक धोका आहे. ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्या-कंबर जोरात दुखणं हे शेतातल्या पाण्यात उतरलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो, आणि तापाबरोबर सांधे धरले तर चिकनगुनियाही. तापासकट दुखणं या वहीत लिहायचंच नाही; त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं.

जमलेल्या आकड्यांचं काय करायचं? दोन आकडे पुरतात. एक, या आठवड्यात किती जणींना दुखतं, जागेनुसार. दुसरा, नव्याने किती जणींना सुरू झालं, म्हणजे मागच्या नोंदीत तो भाग स्वच्छ होता आणि आता नाही. पहिल्यात जुनं साठलेलं दुखणंही असतं; काम बिघडतंय की सुधारतंय हे दुसरा सांगतो. तो कामाच्या तासांवर काढा: नवे रुग्ण गुणिले दोन लाख, भागिले एकूण तास. दोन लाख म्हणजे शंभर माणसांचे वर्षाचे तास, आठवड्याला ४० तास आणि ५० आठवडे धरून. चाळीस बायका, आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे तिमाहीत २४,००० तास. तिमाहीत तीन नवे रुग्ण आले तर ३ × २,००,००० ÷ २४,००० = २५. पुढच्या वर्षी बायका पन्नास झाल्या किंवा काम चारच महिने चाललं तरी हा आकडा तुलनेला चालतो. महिन्याच्या आकड्यावर मात्र उड्या मारू नका. चाळिसात एक बाई म्हणजे अडीच टक्के, एकीच्या फरकाने आलेख हलतो. तिमाहीचाच धरा.

याशिवाय न विचारता मिळणाऱ्या खुणा असतात. प्रथमोपचार पेटीतलं दुखण्याचं मलम किती दिवसांत संपतं. शेवटच्या तासात गराचा फुटलेला तुकडा किती वाढतो. कोण सारखी जागा बदलून मागते. आणि सोडून गेलेल्यांना फोन करून विचारा की का सोडलं. हे कोणी करत नाही, आणि वहीतली सगळ्यात मोठी गळती तीच आहे.

दुखणं विचारणं हा अर्धा भाग; दुसरा अर्धा कामाचं निरीक्षण, कारण दुखणं उशिरा येतं आणि वाईट बसणं आजच दिसतं. मोबाईल पुरतो. आधी संमती घ्या. कॅमेरा कोपराच्या उंचीवर, एकदा बाजूने, एकदा समोरून, पाच-पाच मिनिटं. पहिल्या तासात एकदा, शेवटच्या तासात एकदा. नंतर चित्र थांबवून मान, पाठ, दंड, मनगट यांचे कोन मोजायचे आणि रूला या, कामातली शरीराची ठेवण तपासायच्या १९९३ च्या तक्त्यात गुण द्यायचे. एक-दोन ठीक, तीन-चार म्हणजे अजून पाहा, पाच-सहा म्हणजे लवकर बदला, सात म्हणजे आत्ताच. कटिंग आणि ग्रेडिंगला रूला चांगली. जमिनीवर उकिडवं बसून होणाऱ्या कामाला ती कमी पडते, तिच्यात पायांना जेमतेम दोनच दर्जे आहेत. तिथे रेबा हा २००० सालचा तसाच, सगळ्या शरीराचा तक्ता घ्या, तो साठ अंशांपेक्षा जास्त वाकलेल्या गुडघ्याला वेगळे गुण देतो. आणि अंगठ्याची चिमूट या दोन्हीत नीट पकडली जात नाही. सोलणीसाठी मिनिटाला किती गर हाताखालून जातात ते मोजा आणि बाईला जोर किती वाटतो ते शून्य ते दहात विचारा. एकाच बाईचं चित्र घेऊन सगळ्यांना गुण लावू नका. निदान एक उंच, एक बुटकी, एक नवखी घ्या.

वजन उचलण्याला नायोश या अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचं सूत्र आहे. २३ किलोपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक अडचणीमागे ते कमी करत जायचं. उदाहरण घ्या: वाफवलेल्या बीचा १५ किलोचा ट्रे जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायचा, मिनिटाला एकदा, दिवसभर. हात घोट्यांपासून पुढे ४० सेंमी, म्हणजे २५ ÷ ४० = ०.६२५. हातांची सुरुवातीची उंची १५ सेंमी. योग्य उंची ७५, फरक ६०, म्हणून १ − ०.००३ × ६० = ०.८२. वर न्यायचं अंतर ६० सेंमी, म्हणून ०.८२ + ४.५ ÷ ६० = ०.८९५. मिनिटाला एकदा, आठ तास: तक्त्यात ०.७५. पकड बेताची: ०.९५. शरीर वळत नाही असं धरलं. सगळं गुणलं की साडेसात किलो येतात. १५ भागिले ७.५ म्हणजे २. एकच्या वर गेलं की धोका वाढतो, तीनच्या वर तर फारच. आता तोच ट्रे ७५ सेंमी उंचीच्या चाकाच्या गाड्यावर ठेवा आणि अंगाजवळ, ३० सेंमीवर धरू द्या. मर्यादा जवळजवळ १४.४ किलो होते, भागाकार १.०४. ट्रे तोच, वजन तेच. हा हिशेब मालकासमोर कागदावर करून दाखवा. गाड्याचा खर्च पटवायला याहून सरळ मार्ग नाही.

हमालांना मात्र हे सूत्र लावू नका. पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन चालणं, एका हाताने उचलणं, बसून उचलणं, निसरडी जमीन यांसाठी ते बनलेलंच नाही. आणि गरजही नाही. काजू बीची गोणी ८० किलोची येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहायचं जास्तीत जास्त वजन ५५ किलो आहे. मोजत बसण्याऐवजी ट्रकच्या उंचीचा धक्का बांधा, दोन चाकांची हातगाडी घ्या, थप्पी छातीच्या वर जाऊ देऊ नका, आणि व्यापाऱ्याकडे लहान गोणीचा आग्रह धरा. कमरेचा पट्टा वाटून हात झटकू नका. धडधाकट माणसाची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायोशनेच १९९४ मधे सांगितलं.

डॉक्टरांना मग सगळ्या चाळीस नव्हे, तर निवडलेल्या दहा-बारा जणी दाखवा: दुखणं सकाळपर्यंत टिकणाऱ्या, रात्री हात बधिर होणाऱ्या, तीव्रता पाच किंवा जास्त सांगणाऱ्या. प्रत्येकीला पंधरा मिनिटं. मनगट साठ सेकंद वाकवून ठेवल्यावर अंगठा ते मधलं बोट यांत मुंग्या येतात का (फॅलन). अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वळवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते का (फिंकेलस्टाइन). सरळ पाय वर उचलल्यावर कळ गुडघ्याखाली जाते का. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण लिहून घ्यायला सांगा, कारण त्यांत मनगटाची नस जास्त दबते. पण तिथे थांबू नये. 'वयामुळे आहे' हा शेरा आला तर त्याच वयाच्या ग्रेडिंगमधल्या बायकांचा आकडा शेजारी ठेवून पाहा. पाऊल लुळं पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात.

नोंद झाली आणि काम बदललं नाही, तर तिसऱ्या महिन्यानंतर बायका टिकल्या चिकटवायच्या थांबतील, आणि ते योग्यच आहे. म्हणून प्रत्येक तिमाहीत निदान एक बदल करा आणि तो कोणत्या आकड्यावरून केला हे सगळ्यांना सांगा. कटिंगचं टेबल बाईच्या कोपराइतकं किंवा ५ ते १० सेंमी खाली. टेबल कापता येत नसेल तर स्टूल उंच करा आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून फळी द्या. पाती ठरलेल्या दिवशी धारेला, बोथट झाल्यावर नव्हे. सोलणीला टेबल-खुर्ची लादू नका; पुष्कळ जणींना पाटावरच बरं वाटतं. १५ ते २० सेंमी उंच, पुढे किंचित उतरता पाट, पाठीला टेकू आणि मांडीवर न घेता समोर उचललेलं ताट असं करून चार जणींना दोन आठवडे वापरू द्या, मग बाकीच्यांचं ठरवा. कामाची अदलाबदल करताना सोलणीवरून ग्रेडिंगला पाठवणं म्हणजे तीच मान, तीच चिमूट. सोलणीवरून बोर्म्याकडे किंवा पॅकिंगला पाठवलं तरच स्नायू बदलतात.

किलोमागे मजुरी असते तिथे विश्रांती कोणी घेत नाही, कितीही भिंतीवर लिहा. तासाला पाच मिनिटं द्यायची तर त्यांचे पैसे दरात धरावे लागतात. दुखण्यामुळे हलक्या कामावर पाठवलेल्या बाईला मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने मजुरी द्या. ती कापली गेली तर पुढची बाई सांगणारच नाही.

पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी वाढतील. घाबरून नोंद बंद करू नका. आधी लपवलेलं आता सांगितलं जातंय इतकाच त्याचा अर्थ. तो काळ सोडून, नव्या रुग्णांच्या तिमाही आकड्याची पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करा. बदल केल्यावर सहा आठवड्यांनी त्या जागेचं चित्रण आणि प्रश्न पुन्हा, त्याच वेळी, त्याच विचारणारीकडून.

हीच पद्धत रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याजवळच्या कोळंबी सोलायच्या शेडमधे न्यायची असेल तर एक फरक ठेवा: बर्फाने बोटं बधिर झालेली असताना दुखणं कळत नाही, म्हणून तिथे काम सुटल्यावर तासाभराने, हात गरम झाल्यावर विचारा. आणि चिरेखाणीत आधी चिऱ्याचं वजन काट्यावर घ्या, कोरड्याचं आणि भिजलेल्याचं वेगळं. १४ × ९ × ७ इंचांचा चिरा म्हणजे साडेचौदा लिटर दगड, आणि जांभा पाणी पितो.